जुन्या इंजिनाचा ब्रीदर: ऑइल सील बदलण्याआधी हे करून बघा

जुनी गाडी बाळगणारा माणूस रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवतो आणि सकाळी चहाच्या आधी तो बघतो. माझ्या पुठ्ठ्यावर रोज तळहाताएवढा डाग पडायचा, बरोब्बर बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाच्या, खाली. क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं, हे निदान मी स्वतःच करून टाकलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत चढवलं. दोन महिने पुठ्ठा कोरडा राहिला, मग डाग परत आला. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला. या वेळी सील बसवताना माझंच काहीतरी चुकलं असणार, अशी मनाची समजूत घातली.

तिसऱ्यांदा जॅक लावायच्या बेतात होतो, तेव्हा एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी चालू करायला लावली, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि म्हणाले, "हात धरा इथं." तळव्यावर गरम, ओलसर, जळकट वासाचे फुत्कार बसत होते. "सील कितीही बदला. आतली हवा बाहेर जाणार कुठून?" मग त्यांनी इंजिनाच्या बाजूचा डबा दाखवला. ब्रीदरचा डबा, इंजिनाच्या आतली हवा आणि धूर बाहेर सोडणारा. तो मी कधी उघडलाच नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं वर्षभर चाललं होतं.

हा लेख त्या डब्याबद्दल, त्याला जोडलेल्या नळ्यांबद्दल आणि व्हॉल्व्हबद्दल आहे.

आत नेमकं काय चालतं

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी शंभर टक्के बंद करत नाहीत. जळलेल्या गॅसचा थोडा भाग रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. धडधाकट इंजिनातही तो असतोच, झिजलेल्या इंजिनात जास्त असतो. या गॅसमध्ये न जळलेलं पेट्रोल असतं, आम्ल तयार करणारे घटक असतात आणि भरपूर वाफ असते. वाफेचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं जवळजवळ सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं, पण चुकार थोडं खाली उतरतं. थंड इंजिनात त्याचं पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये घुसळलं जातं. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या झाकणाखाली जमणारा तो पिवळसर, लोण्यासारखा थर म्हणजे हेच. तो दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट गेल्याची बातमी पसरवतात. कूलंट कमी होत नसेल तर आधी ब्रीदर बघा.

म्हणजे वायुवीजनाची कामं दोन. एक, आत साठणारा दाब बाहेर काढणं. दुसरं, ताजी हवा आत घेऊन ही वाफ आणि पेट्रोलचा अंश धुऊन नेणं. नुसतं भोक ठेवलं तर पहिलं काम कसंबसं होतं, दुसरं होत नाही. त्यासाठी हवेला आत यायची एक वाट आणि बाहेर जायची दुसरी वाट लागते, आणि शक्यतो इंजिनाच्या दोन टोकांना.

दाब साठला की तो सर्वांत कच्ची जागा शोधतो. बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ए-सिरीज इंजिनात, म्हणजे मॉरिस मायनरसारख्या गाडीत, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ओठाचं रबरी सील नसतंच. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले असतात आणि फिरताना ते ऑइल परत आत ढकलतात. ही युक्ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असेल तोवरच चालते. दोरीची सीलं असलेल्या इंजिनांचंही तसंच. अशा इंजिनात ब्रीदर तुंबला की गळती ठरलेली, मग शाफ्ट कितीही गुळगुळीत असो.

तुमच्या गाडीत कोणती व्यवस्था आहे

पाना हातात घेण्याआधी हे ओळखा, कारण एका व्यवस्थेत बरोबर असलेला भाग दुसरीत नुकसान करतो.

सर्वांत जुनी व्यवस्था म्हणजे खाली सोडलेली नळी, रोड ड्राफ्ट ट्यूब. ब्लॉकपासून निघून गाडीच्या पोटाखाली उतरणारी नळी, टोक तिरकं कापलेलं. गाडी पळाली की खालून वाहणारा वारा त्या तिरक्या तोंडापाशी दाब कमी करतो आणि आतला धूर ओढला जातो. ताजी हवा ऑइल फिलरच्या जाळीदार झाकणातून येते. व्यवस्था साधी आणि सुटसुटीत, पण ताशी ४० किलोमीटरच्या खाली ती जवळपास झोपलेली असते. सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटमधून निघणारा निळसर धूर या व्यवस्थेचा स्वभावच आहे.

दुसरी व्यवस्था पीसीव्हीची, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशनची. इथे वाऱ्यावर भरवसा न ठेवता इनलेट मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या) ओढीने धूर खेचून परत सिलिंडरमध्ये जाळतात. कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या इंजिनाला असा व्हॉल्व्ह होता. पाण्यातून गाडी काढायची तर पोटाखाली उघडी नळी परवडत नाही. नागरी गाड्यांवर ती आली धुरक्याच्या तक्रारीमुळे: कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर १९६१ च्या मॉडेलपासून, आणि अमेरिकेत सर्वत्र १९६३ पासून. १९६४ च्या सुमाराला एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांवर कुत्र्याच्या छत्रीसारखा दिसणारा स्मिथ्सचा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डवर बसू लागला. त्यानंतरच्या एसयू कार्ब्युरेटरच्या गाड्यांत व्हॉल्व्ह काढून नळी थेट कार्ब्युरेटरच्या अंगाला, त्याचा स्वतःचा सरकता पिस्टन आणि थ्रॉटल यांच्या मधल्या जागेत जोडली. तिथली ओढ हलकी आणि बऱ्यापैकी स्थिर असते, म्हणून वेगळ्या व्हॉल्व्हची गरज नाही. हलत्या भागांशिवाय चालणारी ही रचना मला सगळ्यांत आवडते.

तिसरा प्रकार विरळा. सित्रोएन २ सीव्हीसारख्या आडव्या जोडसिलिंडर इंजिनात दोन्ही पिस्टन एकदम आत येतात आणि एकदम बाहेर जातात, त्यामुळे क्रँककेस भात्यासारखं चालतं. त्यावर एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ रबरी पापण्या बसवलेल्या असतात. हवा बाहेर जाते, परत येत नाही. पापणी कडक झाली किंवा फाटली की इंजिन जागोजागी ऑइल गाळायला लागतं. तुमची गाडी या जातीची असेल तर पापण्या बदला आणि खालचं व्हॉल्व्हचं प्रकरण सोडून द्या.

आधी मोजा

इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद चालू द्या. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर कागदाचा पातळ तुकडा धरा. पीसीव्ही चालू असेल तर काही सेकंदांत कागद हलकेच चिकटतो. उडाला तर दाब आहे. चालू गाडीत डिपस्टिक आपोआप वर उचलली जात असेल, तर कागदाचीही गरज नाही.

पण खरं सांगतं ते पाण्याचं यू-नळी मापक, आणि ते घरी अर्ध्या तासात होतं. सात-आठ मिलिमीटर पोकळीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, दोनेक मीटर. फळीवर यू आकारात क्लिपांनी बसवा, दोन्ही उभ्या बाजू किमान ३० सेंटिमीटर ठेवा. शाई घातलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. शेजारी पट्टी चिकटवा. एक टोक उघडं, दुसरं डिपस्टिकच्या नळीत घट्ट बसवा. एक मेख आहे: काही इंजिनांत डिपस्टिकची नळी खाली ऑइलमध्ये बुडलेली असते, मग वाचन खोटं येतं. तसं असेल तर ऑइल फिलरचं एखादं जुनं झाकण घेऊन त्याला निपल बसवा आणि तिथून मोजा.

इंजिनाकडच्या बाजूचं पाणी वर चढलं तर आत ओढ आहे, खाली गेलं तर दाब. दोन पातळ्यांमधला फरक तुमचं वाचन. पीसीव्ही असलेल्या इंजिनात स्लोवर २ ते ८ सेंटिमीटर ओढ दिसली तर मी समाधानी असतो. शून्याच्या आसपास असेल तर संशय घ्यायचा. दाबाच्या बाजूला गेलं तर काम काढायचं. उलट १५ सेंटिमीटरच्या पुढे ओढ गेली तर तेही वाईट. सीलांच्या ओठांतून बाहेरची धूळ आत खेचली जाते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. ड्राफ्ट ट्यूबच्या गाडीत उभं असताना शून्य किंवा किंचित दाब दिसणं स्वाभाविक आहे. तिथे लांब नळी घेऊन मापक केबिनमध्ये आणा आणि शेजारी बसलेल्या माणसाला चालत्या गाडीत वाचायला सांगा.

हे आकडे किती लहान आहेत ते लक्षात घ्या. स्लोवर चांगल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ४० ते ५० सेंटिमीटर पाऱ्याची ओढ असते. पाण्याच्या हिशेबात ती साडेपाच ते पावणेसात मीटर भरते. क्रँककेसला हवे आहेत जेमतेम काही सेंटिमीटर. मधला व्हॉल्व्ह हा फरक सांभाळतो, म्हणूनच तो फेकून देऊन सरळ नळी जोडण्याचा जुगाड कधीही करू नका.

मोजल्यावर आणखी एक खात्री करायची: दोष ब्रीदरचा की रिंगांचा? कॉम्प्रेशन तपासा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाचन लक्षणीय वाढलं तर रिंगा झिजल्यात. अशा इंजिनाला जगातला कुठलाही ब्रीदर पुरा पडणार नाही. मात्र ब्रीदर आधी साफ करून मग रिंगांचा निर्णय घ्या. या क्रमाने पैसे वाचतात.

डबा उघडणं

बहुतेक चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनांत ब्लॉकच्या बाजूला टॅपेटचं पत्र्याचं कव्हर असतं आणि त्यालाच जोडून ऑइल वेगळं करणारा डबा. काहींत तो सुटा बोल्ट केलेला, काहींत कायमचा जोडलेला. अमेरिकन व्ही-८ मध्ये तो अनेकदा इनलेट मॅनिफोल्डखाली, लिफ्टरच्या खोलगटात लपलेला असतो. मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो दशकानुदशकं तसाच राहतो.

गाडी थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. क्रँककेसमधला धूर पेट घेणारा असतो, तेव्हा आसपास ठिणगी, शेगडी, सिगरेट काही नको. डब्याभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि रॉकेलने धुऊन घ्या, नाहीतर कव्हर सुटताच तो सगळा टॅपेटांवर पडेल. कव्हर सुटत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पत्रा वाकतो आणि मग ते कधीच गळायचं थांबत नाही. लाकडी ठोकळा ठेवून कडेला हलके टोले द्या.

माझं कव्हर उतरवून जोडलेल्या डब्यात डोकावलो तेव्हा आत काय होतं ते सांगतो. मुळात तिथे तारेच्या जाळीचा बोळा असायला हवा, भांडी घासायच्या तारेसारखा. धुरातले ऑइलचे बारीक थेंब त्या तारांवर अडकतात, एकत्र होतात आणि खाली टपकून क्रँककेसमध्ये परत जातात. माझ्या डब्यात तार दिसतच नव्हती. काळी, दाट, बुटाच्या पॉलिशसारखी मळी काठोकाठ भरलेली. नखाने उकरली तर खाली तारेचा तुकडा चमकला. वरून रॉकेल ओतलं, ते तसंच तळ्यासारखं उभं राहिलं. मिनिटभर मी ते बघत होतो. इंजिन या भिंतीतून श्वास सोडायचा प्रयत्न करत होतं.

जोडलेला डबा उघडता येत नाही, तेव्हा भिजवणं हाच उपाय. एक भोक बंद करा, डबा रॉकेलने भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जोरात हलवून ओता, परत भरा. माझ्या डब्याला असे चार दिवस लागले. पहिल्या दिवशी काळं पाणी, चौथ्या दिवशी चहाच्या रंगाचं. शेवटी गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण, मग उलट्या दिशेने हवेचा झोत, डोळ्यांवर चष्मा लावून. कॉस्टिक सोड्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमचा भाग असेल तर सोडा तो खाऊन टाकतो. जाळी गॅसवर जाळून साफ करायचा सल्लाही ऐकाल. तार ठिसूळ होते आणि तुकडे सुटतात, आणि सुटलेला तुकडा जाणार तो इंजिनातच.

जाळी सडली असेल तर स्टेनलेस स्टीलची लांब सलग तारेची घासणी सैल पसरून भरता येते. स्टील वूल मात्र चालणार नाही, त्याचे केसासारखे तुकडे झडून बेअरिंगपर्यंत पोचतात. आणि ठासून भरू नका, फुंकर मारली तर अडथळा जाणवता कामा नये.

कव्हरच्या मागे ब्लॉकमध्ये दोन भोकं शोधा: धूर वर येण्याचं आणि ऑइल परत खाली जाण्याचं. दुसरं हमखास विसरलं जातं. ते बुजलं तर डबा ऑइलने भरतो आणि ते सगळं मॅनिफोल्डकडे जातं. वाकवलेली मऊ तार घालून मोकळं करा, पण सुटलेली मळी आत ढकलू नका. मी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला बारीक तोंड लावून ती ओढून घेतली, रॉकेलचा वासही उरला नाही अशी वेळ बघून.

परत बसवताना कव्हरचा पत्रा काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, नवीन गॅस्केट लावा, बोल्ट बोटाने आवळून मग थोडंच पान्याने. हे बोल्ट जास्त आवळले की पत्रा बोल्टपाशी आत दबतो आणि मध्ये फुगतो.

नळ्या

इथे माझी दुसरी चूक. हाताशी हीटरचा होज पाइप होता, माप बरोबर बसलं, लावून टाकला. एका मोसमात तो आतून फुगून लिबलिबीत झाला. बाहेरून ठणठणीत दिसायचा, पण स्लोवर ओढ लागली की मधोमध चपटा व्हायचा. कूलंटचा होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. पाणी आणि उष्णता तो उत्तम सोसतो, ऑइल अजिबात नाही. ब्रीदरला आतून नायट्राइलचा किंवा ऑइलसाठीच बनवलेला होज लागतो, आणि तो ओढीखाली न चपटणारा, म्हणजे जाड भिंतीचा. वळण तीव्र असेल तर साच्यात वळवलेलाच घ्या. सरळ पाइप मुरडून बसवला की मुरगळतो.

नळीचा उतार नेहमी इंजिनाकडे असावा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी आणि ऑइल साचतं, आणि थंड प्रदेशात ते गोठून नळी पूर्ण बंद होऊ शकते. कुठल्याही नळीत धातूच्या जाळीची चकती सापडली तर ती कचरा समजून काढू नका. ती ज्वालारोधक आहे. कार्ब्युरेटरमधून बॅकफायर (उलटा भडका) झाला तर ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचू नये म्हणून. १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणकामगारांच्या दिव्याभोवती जी तारेची जाळी लावली, तिचंच हे तत्त्व: बारीक जाळी ज्वाळेची उष्णता शोषते आणि ती पलीकडे जात नाही. धुऊन परत बसवा. व्होल्वोच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनांत ही चकती तुंबून सीलं उडाल्याच्या कथा त्या गाडीचे शौकीन आवडीने सांगतात.

व्हॉल्व्ह

साधा पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे नळकांड्यात स्प्रिंगवर बसलेली गोटी किंवा दांडी. स्लोवर ओढ सर्वांत जास्त, तेव्हा ती दांडी खेचली जाऊन वाट अरुंद होते. मध्यम वेगाला ओढ उतरते, स्प्रिंग दांडी मागे ढकलते, वाट रुंद होते, आणि नेमका तेव्हाच ब्लो-बाय वाढलेला असतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डची ओढ जवळपास संपते. तेव्हा जादा धूर ताज्या हवेच्या नळीने उलटा एअर क्लीनरमध्ये जातो. म्हणून एअर क्लीनरमध्ये थोडा ओलसर डाग असणं आजार नाही. तळ्यासारखं ऑइल असेल तर आहे. बॅकफायरच्या वेळी दांडी उलटी बसून वाट बंद करते.

तपासणी सोपी. काढून कानाशी हलवा, टकटक आवाज आला पाहिजे. चालू इंजिनात तोंडावर बोट ठेवा, बोट घट्ट ओढलं गेलं पाहिजे आणि इंजिनाचा वेग थोडा पडला पाहिजे. पण टकटक म्हणजे सर्व ठीक असं मानू नका, थकलेली स्प्रिंगही टकटकते. हा भाग साफ करण्यापेक्षा बदलावा. मात्र तुमच्या इंजिनाचाच घ्या. दिसायला जुळ्या भावंडांसारख्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि भोकं वेगळी असतात.

स्मिथ्सच्या छत्रीवाल्या व्हॉल्व्हमध्ये वरच्या झाकणाखाली रबराचा पडदा असतो. तारेची क्लिप काढा, झाकण उचला, पडदा, सुई आणि स्प्रिंग कुठल्या क्रमाने बसलेत त्याचा फोटो काढा. धातूचे भाग रॉकेलने धुवा, पडदा फक्त साबणाच्या पाण्याने. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा पडद्यावर उडाला तर तो सुरकुततो. उजेडासमोर ताणून धरा. टाचणीएवढंही छिद्र असेल तर बदला, कारण फाटका पडदा मॅनिफोल्डमध्ये बेहिशेबी हवा सोडतो आणि तुम्ही महिनाभर कार्ब्युरेटरशी झटत बसता. बीएमसीने सांगितलेली चाचणी छान आहे: गरम इंजिन स्लोवर चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर वेग साधारण २०० आरपीएमने वाढतो, कानाला सहज कळतो.

झाकण

ऑइल भरायचं झाकण म्हणजे लहान वस्तू, मोठा घोळ. ड्राफ्ट ट्यूब, स्मिथ्स व्हॉल्व्ह आणि सुरुवातीच्या अमेरिकन पीसीव्हीमध्ये झाकण जाळीचं, हवा आत घेणारं असतं. नंतरच्या बंद व्यवस्थेत ताजी हवा एअर क्लीनरमधून येते आणि झाकण पूर्ण बंद असतं. चकचकीत क्रोमचं बंद झाकण जाळीच्या जागी बसवलं की हवा आत येत नाही आणि धुणं बंद पडतं. जाळीचं झाकण बंद व्यवस्थेत बसवलं की न गाळलेली हवा आत जाते. जाळी धुता येण्यासारखी असेल तर रॉकेलमध्ये खळबळा, वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून निथळून बसवा. ओलसर तार धूळ धरते. सीलबंद, फिल्टर घातलेलं झाकण धुऊन उपयोग नाही, बदला.

टॅपेट कव्हरवर बसवायचे ते छोटे शंकूच्या आकाराचे फिल्टर मला मुळीच पटत नाहीत. ते दाब सोडतात, पण हवा फिरवत नाहीत. शिवाय बॉनेटखाली ऑइलचा थर आणि केबिनमध्ये वास. दर शर्यतीनंतर ऑइल बदलणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

ड्राफ्ट ट्यूबवर पीसीव्ही बसवायची असेल तर

मूळ स्वरूपाचा आग्रह असेल तर बसवू नका. नळी आतून साफ करा, खालचं तिरकं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला आहे ना बघा, चेपलं असेल तर सरळ करा आणि पुढे चला.

रोजच्या वापराची, शहरात थांबत-थांबत चालणारी गाडी असेल तर मात्र बदल फायद्याचा आहे. साधारण तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह निवडा. धूर जिथून काढणार तिथे आत आडोसा किंवा जाळी हवीच, नाहीतर रॉकरवरून उडणारं ऑइल सरळ ओढलं जाईल. ड्राफ्ट ट्यूबचा मूळ डबा याच कामाचा आहे, तो वापरा आणि नळीऐवजी होज जोडा. व्हॉल्व्हवरचा बाण मॅनिफोल्डकडे. मॅनिफोल्डला जोड मध्यावर, कार्ब्युरेटरच्या लगेच खाली घ्या. एकाच सिलिंडरच्या वाटेत भोक पाडलं तर तो एकटा सिलिंडर सगळी जादा हवा घेऊन पातळ मिश्रणावर तापत राहील. ब्रेक बूस्टरच्या नळीत टी जोडणं दिसायला सोपं, पण ऑइलची वाफ बूस्टरच्या रबरापर्यंत जाते, म्हणून मी ते टाळतो. ताजी हवा दुसऱ्या टोकाला, एअर क्लीनरच्या गाळलेल्या बाजूने आणा.

शेवटचं ट्यूनिंग

व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये हवा जाते, म्हणजे मिश्रण थोडं पातळ होतं. आधी टॅपेट क्लिअरन्स आणि टायमिंग बरोबर करा, मगच कार्ब्युरेटरला हात लावा. इंजिन पूर्ण गरम, झाकण बसवलेलं, सगळ्या नळ्या जागेवर, अशा अवस्थेत मिश्रण आणि स्लो जुळवा. झाकण उघडं ठेवून ट्यूनिंग केलं तर ते बसवल्यावर सगळं बदलतं.

ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. धुतलेल्या भागांतून सुटलेली मळी पुढे निघतच राहते, त्यामुळे पाचएकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदललं तर उत्तम. थंडीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच होत असतील तर झाकणाखाली थोडं लोणी दिसणारच. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवा, मग पुन्हा झाकण काढून बघा.

यू-नळीची फळी मी आता गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवलीय आणि वाचन पेन्सिलने तिच्यावरच लिहितो. साफ करण्याआधी स्लोवर ३ सेंटिमीटर दाब होता, नंतर ५ सेंटिमीटर ओढ. गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरवला नाही. बेलहाउसिंगखाली अजूनही कधीमधी रुपयाएवढा ठिपका पडतो. तेवढा मी त्या गाडीला देऊन टाकलाय.